काकांनी टाकलेला शब्द

इंदूर,
१२ एप्रिल २०२५

तीर्थरूप शामकाका,

नमस्कार. आधीच सांगून ठेवते, हे पत्र रागात लिहिते आहे, तेव्हा अक्षराकडे बघू नका. रविवारी फोनवर तुम्ही "काय? काय?" करत राहिलात आणि मी ओरडत राहिले. शेवटी शेजारच्या इंदिराकाकू विचारायला आल्या, घरात काही झालं का म्हणून. तुम्ही कानाचं मशीन लावत नाही, लावणार नाही, मग मी आपली पत्रच लिहिते. तुम्हाला तसंही पत्रच आवडतं.

"डिपार्टमेंटमध्ये कसं चाललंय?" असं विचारलं होतंत ना? ऐका. टीचिंग फेलो ही भानगड तुमच्या वेळी नव्हती. बी.एस्सी.चे फिजिक्सचे पीरियड आम्ही घ्यायचे, प्रॅक्टिकल आम्ही घ्यायचे, पेपर आम्ही तपासायचे आणि दारावर पाटी प्रोफेसर लोकांची. उन्हाळा आला की करार संपला. जुलैत पुन्हा घेतलं तर घेतलं. सहा वर्षं झाली, दर जुलैत जीव टांगणीला. मीटिंगमध्ये खुर्ची कमी पडली की उठायचं कोणी? आम्ही. तुमचे लाडके विद्यार्थी डॉ. कमल व्यास, म्हणजे आमचे एच.ओ.डी. कमल सर, वर हसून म्हणतात, "सुमेधाजी, आप तो घर की हैं." घर की म्हणजे फुकट की!

आता नवीन फर्मान. पुढच्या सेशनपासून दोन फेलो नाही, एकच. म्हणजे मी नाहीतर विपुल. मेमध्ये इंटरव्ह्यूचं नाटक आहे.

विपुलबद्दल तुम्हाला कधी लिहिलं नाही वाटतं. विपुल पाटीदार, देपालपुरचा, वडील तिथल्या मंडीत धान्याची तुलाई करतात. दोन वर्षांपूर्वी आला आणि या माणसाने माझं जगणं हराम केलंय. आपल्या लॅबची रीत तुम्हाला माहीतच आहे. पुस्तकातलं उत्तर आधी ठरवायचं, मग उलटं गणित करून रीडिंग लिहायची. पोरं तशी, आपण तसे, बाहेरून येणारे एक्झामिनरही तसेच. कचोरी खाऊन सही करून जातात. विपुलने यंदा पोरांना सांगितलं, जे दिसलं तेच लिहा. प्रिझमच्या प्रयोगात सगळ्या वर्गाचं उत्तर पुस्तकापेक्षा वेगळं आलं. एक्झामिनर भडकला. विपुल म्हणाला, "सर, पोरं बरोबर आहेत, प्रिझमच दुसऱ्या काचेचं आलंय, बदलून मागा." झालं! खरेदी कमल सरांची. त्यांचं तोंड असं झालं की बस्स.

आणि आता पोरं त्याच्या लॅबबाहेर रांग लावतात, माझ्या पीरियडला जांभया देतात. परवा एक मुलगी, शिखा, मला म्हणते, "मॅडम, ये वाला चैप्टर विपुल सर से पढ़ लें?" घ्या! हा असाच राहिला तर माझं काही खरं नाही.

आई बरी आहे. तुमच्या गुडघ्यांची खबर कळवा.

तुमची,
सुमेधा


पुणे,
२३ एप्रिल २०२५

चि. सुमेधास,

अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. अक्षर खरंच वाईट आहे, रागाचं निमित्त सांगू नकोस, तुझं अक्षर आनंदातही असंच असतं.

इकडे सगळं ठीक. जयेशची बायको पोह्यांवर ओलं खोबरं घालते आणि वर विचारते, "बाबा, छान झालेत ना?" मी म्हणतो, "हो, छान." तेवढं खोटं बोलायची सवय आता झाली. शेव नाही, वर जीरावन मसाल्याची चिमूट नाही, त्याला पोहे म्हणायचे! गुडघे जागेवर आहेत.

तुझं पत्र दोनदा वाचलं. अगं, एवढी कासावीस का होतेस? कमल माझा विद्यार्थी. एम.एस्सी.ला नापास होत होता, मी घरी बोलावून शिकवला, तुझ्या काकूच्या हातची पुरणपोळी खाल्ली आहे त्याने. तो काही परका नाही. तू त्याच्याशी नीट बोलत जा, तोंडावर ताबा ठेव. तुझ्या बाबांनाही तोंडावर ताबा नव्हता, म्हणून मिलच्या ऑफिसात जन्मभर एकाच टेबलावर बसले.

हा विपुल पाटीदार कोण? देपालपुरचा म्हणतेस, पण त्याचं कोण आहे? युनिव्हर्सिटीत त्याच्या पाठीशी कोणी असल्याशिवाय तो एच.ओ.डी.च्या खरेदीवर बोट ठेवणार नाही. असा माणूस घातक. पोरांना लोकप्रिय होणं सोपं असतं, सहा वर्षं टिकणं अवघड. तू काळजी करू नकोस. हा शाम पानसे अजून मेलेला नाही.

इंटरव्ह्यूला ती निळी पैठणी नेसून जाऊ नकोस, लग्नाला आल्यासारखं दिसतं.

तुझा,
शामकाका


इंदूर,
९ जून २०२५

तीर्थरूप काका,

यादी लागली. मी आत, विपुल बाहेर.

आई देवापुढे साखर ठेवून बसली आहे आणि मी स्वयंपाकघरात भांडी आपटते आहे. काका, हे काय चाललंय? इंटरव्ह्यूला मी होते ना! मला कमल सरांनी विचारलं काय, तर "आपका सब्जेक्ट में इंटरेस्ट कैसे बना?" आणि विपुलला अर्धा तास धुतलं. तो प्रत्येक प्रश्नाला उभा राहिला. बाहेर आला तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता, पण चेहरा खूश. म्हणाला, "मॅडम, मजा आ गया." त्याला वाटलं झालं. मलाही वाटलं झालं. मी घरी येऊन आईला सांगितलं होतं, जुलैपासून मी घरी.

विपुलच्या पाठीशी कोण, असं तुम्ही विचारलं होतंत. कोणी नाही, काका! वडील मंडीत पोती तोलतात, भाऊ सिमरोलला त्या मोठ्या इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटच्या मेसमध्ये कामाला. एवढंच त्याचं. तुमचा अंदाज साफ चुकला. पहिल्या पत्रात मी गमतीत लिहिलं होतं, तो माझा कुणी दुश्मन नाही. तो आल्यापासून मी पहिल्यांदा पीरियडच्या आधी वाचून जायला लागले, लाज वाटायची म्हणून. दुपारी एका डब्यात जेवायचो आम्ही. त्याच्या आईच्या हातचे दाल-बाफले मी किती खाल्लेत!

मी गप्प बसले नाही, हेही सांगते. कॉरिडॉरमध्ये सगळ्यांसमोर कमल सरांना म्हटलं, "सर, ये सरासर गलत है." ते म्हणाले, "सुमेधाजी, मिठाई खिलाइए, बहस मत कीजिए." माझी सटकली. मी म्हटलं, "मिठाई उसको खिलाइए जिसका हक मारा है." आता मला कुठल्या लॅबमध्ये फेकतील देव जाणे. फेका!

सुमेधा


पुणे,
१८ जून २०२५

चि. सुमेधास,

आशीर्वाद आणि अभिनंदन. घरात आनंदाची बातमी आणि तू भांडी आपटतेस! तुझ्या आईने साखर ठेवली ते बरोबर केलं. तू पेढे वाट, राजवाड्याकडच्या आपल्या नेहमीच्या दुकानातून, आणि एक डबा कमलच्या घरी देऊन ये. सांगायचं, काकांनी पाठवले.

कॉरिडॉरमध्ये ओरडणं शोभतं का? पानशांच्या घरातली मुलगी तू. कमलने मनावर घेतलं नाही म्हणून बरं. मुलगा गुणी आहे, शब्दाला जागणारा आहे. आजकाल कोण जागतं?

त्या मुलाचं वाईट वाटतं तुला, ते तुझ्या चांगुलपणाला धरून आहे. पण तो तरुण आहे, त्याला दुसरीकडे मिळेल. कोचिंगवाले तर असल्यांना डोक्यावर घेतात. भंवरकुआँला क्लासच्या पाट्याच पाट्या आहेत. तुला मात्र वय जाईल तसं कोणी विचारणार नाही. तुझे बाबा असते तर त्यांनीही हेच म्हटलं असतं. जे झालं ते चांगलं झालं, विषय संपला.

जयेशने मला कानाचं नवं मशीन आणून दिलंय. लावतो कधी कधी.

तुझा,
शामकाका


इंदूर,
२५ जून २०२५

काका,

"शब्दाला जागणारा." हे तुम्ही लिहिलंत. मी तीनदा वाचलं. कुणाचा शब्द, काका?

आज सकाळी मी कमल सरांच्या केबिनमध्ये गेले. पेढे घेऊन नाही. विचारलं, "सर, मेरा सिलेक्शन किस बेसिस पर हुआ?" त्यांनी खुर्ची मागे रेलवली, चहा मागवला आणि अगदी लाडाने म्हणाले, "अरे, आपको पता नहीं? काकाजी का फोन आया था. बोले, कमल, बच्ची घबराई हुई है, वो पाटीदार का लड़का उसकी जगह खा जाएगा, देख लेना. अब गुरुजी का कहा टाल सकते हैं क्या हम?"

मी तिथेच उभी. त्यांना वाटलं मी भारावले आहे. मग पुढचं सांगितलं. म्हणाले, "पहली बार भी तो उन्होंने ही कहा था."

पहिल्यांदाही! सहा वर्षांपूर्वी! मी आईला मिठी मारून रडले होते त्या दिवशी, आठवतं? तुम्ही फोनवर म्हणाला होतात, "शाबास, स्वतःच्या हिमतीवर मिळवलंस." स्वतःच्या हिमतीवर म्हणालात तुम्ही, काका. लाज नाही वाटली? आणि मी ते वाक्य सहा वर्षं उशाशी घेऊन झोपले. पीरियडला जांभया दिल्या पोरांनी, तरी मी म्हणायची, मी मिळवलंय, माझं आहे.

माझ्याशी बोलताना तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही. कमल सरांशी बरं बोलता आलं!

मला लेक्चर नको, बाबांचं नाव नको, गुडघ्यांची खबर नको. एका प्रश्नाचं उत्तर द्या. विपुलचं नाव तुम्ही घेतलंत की नाही?

सुमेधा


पुणे,
३ जुलै २०२५

सुमेधा,

तुझ्या पत्राची भाषा वाचून मी दोन दिवस जेवलो नाही. जयेशला दाखवलंही नाही, म्हटलं त्याच्या मनातून तू उतरशील.

हो, घेतलं नाव. कोणी घ्यायला लावलं? तूच. "हा असाच राहिला तर माझं काही खरं नाही." तुझेच शब्द, तुझ्याच गचाळ अक्षरात, माझ्यासमोर आहेत. भावाची मुलगी, बाप नाही, लग्न केलं नाहीस, आईची जबाबदारी. ती असं लिहिते आणि काकाने काय करायचं? पुण्यात बसून वर्तमानपत्र वाचायचं? तू गमतीत लिहिलंस हे मला कसं कळणार? तुला गंमत करता येत नाही, लहानपणापासून येत नाही.

आणि एवढं आभाळ कोसळल्यासारखं काय झालं? इंदुरात कुणाला कोणी शब्द टाकल्याशिवाय काही मिळालंय? तुझ्या आजोबांना होळकरांच्या दफ्तरात कोणी लावलं? मामांनी. तुझ्या बाबांना मिलमध्ये? मी. रामबागेतल्या निम्म्या मराठी घरांतली पोरं माझ्या चिठ्ठीवर कॉलेजात लागली, बँकेत लागली. आजही रस्त्यात पाया पडतात. आपण मूठभर माणसं, परप्रांतात दोनशे वर्षं टिकलो ती एकमेकांचा हात धरून टिकलो. त्याला तू पाप म्हणतेस?

त्या पाटीदाराचंही कोणीतरी असेल. नसेल तर त्याचं नशीब. मी काही त्याच्या घरी दरोडा घातला नाही.

मी शब्द टाकला तो तू लायक होतीस म्हणूनच. दगडासाठी मी फोन करत नाही. एवढं समजून घे आणि काकाशी कसं बोलावं ते आईकडून शिकून घे.

शाम पानसे


इंदूर,
१५ जुलै २०२५

काका,

मी लायक होते, म्हणता. असेन. कुणी बघितलं कुठे? तुम्ही बघूच दिलं नाहीत.

तुमचं पत्र पोचलं त्याच दिवशी मी राजीनामा लिहिला. म्हटलं, हा कमल सरांच्या तोंडावर फेकते, पण आधी विपुलला सांगते. बसने देपालपुरला गेले. मंडीच्या मागे दोन खोल्यांचं घर आहे. तो ओसरीवर अकरावीच्या पोरांना शिकवत होता, फळ्याऐवजी दरवाजावर खडूने लिहीत होता. मला बघून पोरांना म्हणाला, "चलो, खड़े हो जाओ, मॅडम आई हैं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सगळं सांगितलं मी त्याला. तुमचा फोन, माझं पत्र, ते वाक्य. त्याच्या आईने चहा आणला, तो थंड झाला. मग मी राजीनामा काढून दाखवला. मला वाटलं, तो म्हणेल, "अरे मॅडम, रहने दीजिए," आणि मी म्हणेन, "नाही, मी देणारच." असलं काहीतरी नाटक माझ्या डोक्यात होतं, काका. तुमचीच पुतणी आहे.

तो भडकला. मी त्याला दोन वर्षांत आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. म्हणाला, "इस्तीफा देकर आपको नींद अच्छी आएगी, मुझे क्या मिलेगा? कल सर किसी और के भतीजे को बिठा देंगे. छोड़ने के लिए भी पहले हाथ में कुछ होना पड़ता है, मॅडम. मेरे हाथ में क्या था?"

मी म्हटलं, मग मी काय करू? तो म्हणाला, लिहून द्या. कुलगुरूंना. सिलेक्शन फोनवर झालं, कुणी फोन केला, कुणी ऐकला, सगळं. मी विचारलं, नावासकट? तो म्हणाला, "बिना नाम की शिकायत तो चाय की दुकान पर भी होती है."

बसमध्ये येताना मला तुमचा राग आला, विपुलचाही आला. हा कोण मला सांगणार, काकांचं नाव लिही म्हणून! ज्या काकांनी बाबा गेल्यावर मला सायकलवर शाळेत सोडलं, लॉगरिदमची टेबलं पाठ करून घेतली, ज्यांच्यामुळे मी फिजिक्स घेतलं. घरी आले तर आई म्हणाली, "जाऊ दे ना, काकांनी प्रेमापोटी केलं." मी म्हटलं, "आई, प्रेमापोटी त्यांनी मला फुकटची चोर केलं." आई रडायला लागली. मी तिलाही ओरडले.

काल दिलं लिहून. कुलगुरूंच्या ऑफिसात, शिक्का मारून घेतला. तुमचं नाव लिहिलंय, पूर्ण, डॉक्टर लावून. कमल सरांचंही. माझंही, की या निवडीचा फायदा मला झाला. आणि पहिल्या वेळचंही लिहिलंय, सहा वर्षांपूर्वीचं. ते विपुलला माहीत नव्हतं, मी लपवू शकले असते.

बाहेरून कळण्याआधी तुम्हाला माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. विचारणा होईल. तुम्ही नाही म्हणालात तर मी खोटी ठरेन, विपुलचं काम तिथेच संपेल आणि कमल सर तुमच्या नावाने पेढे वाटतील. तुमचा शब्द इंदुरात अजून चालतो, हे मला आता चांगलं कळलंय.

सुमेधा


पुणे,
३१ जुलै २०२५

सुमेधा,

तुझ्या युनिव्हर्सिटीच्या रजिस्ट्रारसाहेबांचा फोन आला होता. मशीन लावून बोललो. जयेश समोर होता, साक्षीला.

त्यांनी आधी फार घोळवलं. "सर, हमें मालूम है बात वैसी नहीं होगी, आप बस कह दीजिए कि कोई गलतफहमी है." कमलनेही आदल्या दिवशी फोन केला होता, रडकुंडीला आला होता, "गुरुजी, एक ना कह दीजिए, बस." जयेशही खुणा करत होता, नाही म्हणा म्हणून. सगळ्यांना वाटलं म्हातारा घाबरेल!

मी म्हटलं, साहेब, गलतफहमी कसली? मी फोन केला. माझ्या पुतणीसाठी केला. त्या मुलाचं नावही घेतलं. सहा वर्षांपूर्वीही केला होता. शाम पानसे पस्तीस वर्षं शिकवत होता, पाठीमागे एक करून पुढे दुसरं बोलायची त्याला सवय नाही. आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन, लिहून घ्या. त्यांनी लिहून घेतलं. शब्दाला शब्द वाचून दाखवलं, मी हो म्हटलं.

माझ्या पुतणीने माझं नाव चव्हाट्यावर मांडलं तेही मी त्यांना सांगितलं.

मी तुला खोटी पाडीन असं तुला वाटलं, यापेक्षा मोठा अपमान माझा कोणी केलेला नाही. चुकीचं मी काहीच केलं नाही, तर नाकारू कशाला? कमल आता फोन उचलत नाही. नको उचलू दे. शिक्षक दिनाला मला बोलावणार होते सत्काराला, ते निमंत्रण मागे घेतल्याचं कळवलंय. तुझं समाधान झालं असेल.

यापुढे मला लिहू नकोस. दिवाळीला येऊ नकोस. वहिनींना मात्र पाठव, त्यांच्याशी माझं काही वाकडं नाही.

शाम पानसे


इंदूर,
३० ऑगस्ट २०२५

तीर्थरूप काका,

लिहू नकोस म्हणालात. लिहिते आहे. फाडून टाका, पण वाचून फाडा.

तुमच्या जबाबावर निवड रद्द झाली. "पुन्हा करीन" हे वाक्य कुलगुरूंनी म्हणे मीटिंगमध्ये मोठ्याने वाचलं. तुम्हाला वाटलं तुम्ही कमल सरांच्या तोंडात मारलीत. काका, तुम्ही स्वतःचाच कान धरून उभे राहिलात आणि तुम्हाला पत्ताही नाही. मी वाचलं तेव्हा हसावं की डोकं आपटावं कळेना. आई म्हणाली, "तुझ्या काकांनी कधी खोटं सांगितलं नाही." मी म्हटलं, हो, खरं सांगूनच सगळ्यांचं वाटोळं करतात.

मग नव्याने इंटरव्ह्यू झाले. बाहेरचे तीन लोक, इंदुरातलं कुणी नाही. पोरांसमोर एकेक पीरियड घ्यायचा, दार उघडं, कुणीही येऊन बसा. मी चांगला घेतला. खोटं नाही सांगत, आजवरचा सर्वात चांगला. पुस्तक न उघडता शिकवलं, पोरांनी प्रश्न विचारले, मला एकाचं उत्तर आलं नाही तर मी सरळ म्हटलं, येत नाही, उद्या सांगते. शिखाने बाहेर येऊन हात मिळवला.

मग मी मागच्या बाकावर बसून विपुलचा पीरियड ऐकला. काय सांगू! मला राग आला, काका. इतका चांगला शिकवतो म्हणून राग आला, आणि या माणसाला तुम्ही एका फोनवर मंडीत परत पाठवला होतात, त्याचा परत नव्याने आला. त्याचा पीरियड संपल्यावरही पोरं उठली नाहीत. परीक्षकही उठले नाहीत.

विपुल पहिला. मी दुसरी. बोर्डावर नंबर लावलेत, नावासकट. पहिल्यालाच घेतलं, म्हणून मी आता घरी आहे. कमल सर दुसऱ्या डिपार्टमेंटला गेले. विपुल पेढे घेऊन आला होता, आईने त्याला बसवून जेवायला घातलं. तो माझ्याशी अजून थोडा तुटकच बोलतो. बोलू दे, त्याचा हक्क आहे.

काका, मी बोर्डासमोर किती वेळ उभी होते! दुसरी. सहा वर्षं शिकवलं आणि मी कितवी आहे हे मला माहीत नव्हतं. हरले असते तर रडले असते, दुसरं काही शोधलं असतं, जास्त वाचलं असतं. तुम्ही मला हरू दिलं नाहीत. तुम्हाला वाटलं ही हरली तर मोडेल. मी मोडले नाही. तुम्हाला हे आधी कधी वाटलंच नाही, याचा राग माझा जात नाही आणि इतक्यात जाणारही नाही. आई रोज म्हणते, काकांना लिही की राग गेला. खोटं कसं लिहू? तुमच्याच घरची आहे.

दिवाळीला मी येणार. दार उघडलं नाहीत तर जयेशदादा उघडेल. जीरावन आणि शेव घेऊन येते, पोहे मी करीन, तुमच्या सुनेला राग आला तर आला. तुमच्याशी भांडायचं बरंच राहिलंय आणि ते पत्रात मावत नाही. मशीन लावून बसा.

आणखी एक. एका कॉलेजात फिजिक्सची जागा निघाली आहे, पक्की, कराराची नाही. मी अर्ज केलाय. कॉलेज कुठलं आणि गाव कुठलं ते तुम्हाला सांगणार नाही. आईलाही सांगितलेलं नाही, ती तुम्हाला सांगेल म्हणून.

तुमची,
सुमेधा